दिवसाढवळ्या मावळलेला दिवस

रायगोंडा पाटलांचे डोळे घारे होते. किती घारे? तर ते जन्मले तेव्हा अंधाऱ्या खोलीत दोन डोळे चमकताना पाहून सुईणीनं आधी मांजर हाकलायला काठी शोधली आणि मग बाळाला हात लावला. ही हकीकत रायगोंडा स्वतःच सांगत, आणि सुईण केव्हाच वारलेली असल्यामुळं ती खोटी पाडायला कुणी उरलं नव्हतं. रंगाबद्दल मात्र मतभेद होते. त्यांची आई म्हणे, मधासारखे. भावकी म्हणे, बोक्यासारखे. त्यांच्या पत्नी राजमती म्हणत, "पाणी घातलेल्या ताकासारखे. पर आता बदलून कुठं मिळायचे."

आष्ट्याच्या पुढं, कृष्णेच्या अंगाला, जैन शेतकऱ्यांच्या दहा-बारा घरांचा एक मळा आहे. चारी बाजूंनी ऊस आणि मधे घरं. त्या मळ्यात रायगोंडांचं उभं आयुष्य गेलं, आणि दिवसाचा भाग बहुतेक डोळे मिटूनच गेला. दिवस कासराभर वर आला की कुणीतरी मिरचीपूड फुंकल्यासारखे त्यांचे डोळे चुरचुरत आणि पाणी गळू लागे. सूर्यफुलं सूर्याकडं तोंड करतात, रायगोंडा पाठ करीत. सकाळी पश्चिमेकडं तोंड, संध्याकाळी पूर्वेकडं. शेतातले गडी त्यांच्या पाठीवरून जेवणाची वेळ ओळखत. लग्नाच्या फोटोत राजमती सरळ समोर बघताहेत आणि शेजारी रायगोंडा शिंकेची वाट बघताहेत. एकदा आष्ट्याच्या बाजारात उजवा डोळा जरा जास्तच बारीक झाला, तर समोरच्या भाजीवालीनं मेथीची जुडी फेकून मारली. रायगोंडांनी ती उचलून घरी आणली आणि राजमतींना सांगितलं, "आज भाजी फुकट मिळाली."

मात्र ह्या डोळ्यांचा एक उपयोग होता, आणि तो सगळ्या मळ्याला होता.

जैनांच्या घरात दिवस बुडायच्या आत जेवायचं. पण उसाच्या आड सूर्य नेमका कधी बुडाला ते दिसत नाही, आणि पावसाळ्यात तर चार-चार दिवस सूर्यच दिसत नाही. रायगोंडा ओसरीवर बसलेले असत. दिवसभर पेटलेले डोळे ज्या क्षणी गार पडत, त्या क्षणी ते उठून आवाज देत, "मावळला." की घरोघरी ताटं उचलली. त्यांना वर बघावंच लागत नसे. डोळ्यांतली आग गेली म्हणजे सूर्य गेला. घड्याळं आली, रेडिओ आला, मोबाईल आले, पण त्यांचा शब्द कुणी मोडला नाही. एकदा तर सूर्यच जरा उशिरा बुडाला होता, आणि त्यात चूक सूर्याची होती, असं रायगोंडा शपथेवर सांगत.

त्यांची नात ब्राह्मी. तिला आज्जाचे डोळे जसेच्या तसे आले होते, मिटून घ्यायची खोड तेवढी आली नव्हती. पोरगी शेती शिकली आणि उसावर औषध फवारणारा ड्रोन चालवायला लागली. दिवसभर मान वर, नजर आभाळात. म्हणून तिनं पहिल्या दिवसापासून रुंद काठाची टोपी आणि चांगला उन्हाचा चष्मा चढवला. मळ्यातली माणसं आधी हसली. ड्रोन डोक्यावरून गेला तशी गप्प झाली.

तर ह्या ब्राह्मीचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा कडेगावचा, नाव श्रेयस, पाचगणीच्या एका निवासी शाळेत गणित शिकवायचा. पोरापोरींनी एकमेकांना पसंत केलं होतं, वडीलधाऱ्यांचंही जमलं होतं. सुपारी फोडायची तेवढी राहिली होती. एकच काटा होता, तो म्हणजे मुलाची आज्जी अक्काताई. त्या घरात त्यांच्या हूंशिवाय पान हलत नसे. त्यांनी फोनवर एवढंच विचारलं होतं, "पोरीचं डोळं घारं हायत म्हणं. आज्जाचं बी तसलंच, आन् सारखं गळतंय म्हणं. काय रोग तर न्हाई न्हवं घरात? मी सवता येऊन बघते. मग फोडा सुपारी."

मुलाचा बाप भूपाल आईच्या शब्दाबाहेर नव्हता. अक्काताईंनी मान हलवली तर सुपारी फुटणार. नाही हलवली तर कडेगावची गाडी जशी आली तशी परत.

सुपारीचा कार्यक्रम संध्याकाळी होता. त्या दिवशी सकाळीच ब्राह्मीनं आज्जाला गाडीत घातलं.

"कुठं?"

"सांगलीला. डोळे दाखवायला."

"माझं डोळं सगळ्या गावानं बघितल्यात."

"डॉक्टरनं नाही बघितले. आज्जा, आज अक्काताईंसमोर तुम्ही असे लाल डोळे घेऊन पाणी गाळत बसलात, तर त्या मला बघायच्याच नाहीत, तुम्हाला बघूनच परत जातील."

रायगोंडांनी गाडीचं दार आपणच ओढून घेतलं. राजमतींना हुग्गीसाठी वेलदोडे आणि बेदाणे हवे होते, म्हणून त्याही बसल्या. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर. राजमतींची हुग्गी एवढी दाट असे की वाढायचा डाव तिच्यात उभा राही.

सांगलीत डोळ्यांच्या डॉक्टर राजेश्वरी मॅडमनी रायगोंडांच्या डोळ्यावर बॅटरी मारली, तशी त्यांनी मान एवढ्या जोरात मागं घेतली की खुर्चीच सरकली.

"आजोबा, डोळा उघडा."

"उघडलाय की."

"हा मिटलेला आहे."

"आमच्याकडं ह्यालाच उघडला म्हणत्यात."

मॅडम हसल्या, पण तपासताना हसू गेलं. म्हणाल्या, "बुबुळात रंग असतो ना, तो पडद्याचं काम करतो. काळ्या डोळ्यात दाट असतो, तुमच्यात पातळ आहे. म्हणून उजेड जास्त आत शिरतो आणि डोळे दिपतात. ही नुसती ठेवण आहे, रोग नाही. नातीचंही तसंच. पण तुम्ही जन्मभर डोळ्यांवर काही न घालता ऊन, धूळ, वारा खाल्लात. पांढऱ्या भागावर हे मांस वाढलंय, आता बुबुळाकडं सरकतंय. इथून पुढं जपलं नाही तर नजरेवर येईल, मग कापायची वेळ येईल."

"जपतोय की. टोपी हाय डोक्यावर."

"तुमच्या टोपीला छप्पर आहे, वळचण नाही. काठाची टोपी घ्या. आणि उन्हाचा चष्मा."

"गॉगल?" रायगोंडा म्हणाले. "मॅडम, गॉगल दोघंच घालत्यात. येक मोतीबिंदू काढलेली, आन् येक चौकात वाढदिवसाचा फलक लागलेली. माझं दोन्ही न्हाई."

"मग तिसरे तुम्ही. आणि जत्रेतला नको. नुसत्या काळ्या काचेनं डोळा फसतो. अंधार झालाय असं समजून बाहुली मोठी करतो, आणि वाईट किरणं उलट जास्त आत जातात. किरणं अडवणारी काच बघून घ्या."

ब्राह्मीनं शेजारच्या दुकानातून बघून घेतला. जाड तपकिरी काचा, बाजूनंही झाकणारा. रायगोंडांनी तो चढवला आणि सवयीनं डोळे मिटून, राजमतींच्या पदराचं टोक धरून बाहेर पडले. उन्हात ते तसेच चालत. राजमती पुढं, पदर मागं, पदराला रायगोंडा.

"आज्जा, आता उघडा," ब्राह्मी म्हणाली.

त्यांनी उघडले. बाहेर भर दुपार होती आणि आभाळ निळं होतं.

रायगोंडांची जन्माची समजूत होती की दुपारचं आभाळ पांढरं असतं. समोरच्या दुकानात पितळी हंडे टांगलेले होते, ते चमकत होते आणि टोचत नव्हते. रस्त्याच्या कडेला कलिंगडं फोडून ठेवली होती, ती लाल होती, अगदी शेवटच्या बीपर्यंत दिसत होती. रायगोंडा रस्त्यात उभेच राहिले. एक रिक्षावाला थांबून म्हणाला, "आज्जा, फलकासाठी फोटो काढायचाय का?" एरवी त्याची सात पिढ्यांची विचारपूस झाली असती. आज रायगोंडांनी नुसतं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "तुझी रिक्षा लय पिवळी हाय रं."

मग ते राजमतींकडं वळले.

"भर उन्हात तू आशी दिसतीस व्हय?"

"कशी?"

"रागावलेली."

"ते उन्हानं न्हाई," राजमती म्हणाल्या. "चला, बेदाणं राहिल्यात."

परतताना मळ्याच्या अलीकडं त्यांनी गाडी थांबवायला लावली. उतरून आपल्याच उसाच्या बांधावर उभे राहिले. सगळं आयुष्य ह्या रानात गेलं होतं, पण भर दुपारचं रान ते पहिल्यांदाच बघत होते. पानांवरून ऊन घरंगळत होतं. पाटाचं पाणी चालताना दिसत होतं. बगळे इतके पांढरे होते की रायगोंडांना वाटलं, हे आजच नवीन आलेत. त्यांनी हात जोडले. रानाला, डॉक्टरीणबाईंना का नातीला, ते त्यांनी सांगितलं नाही. कदाचित सगळ्यांना मिळून एकच नमस्कार केला असेल. राजमती गाडीतून म्हणाल्या, "आवं, पाव्हणं यायची वेळ झाली, देवदर्शन उद्या करा."

दुपार कलली आणि कडेगावची गाडी आली. चैत्राचे दिवस, पश्चिमेला वळवाचे ढग जमायला लागले होते. अंगणात रोपवाटिकेची हिरवी जाळी ताणून मांडव केला होता, त्यामुळं खाली सगळ्यांचे चेहरे कैरीच्या रंगाचे दिसत होते. रायगोंडांनी मळ्यातल्या माणसांच्या लाजेनं दुपारी चष्मा काढून खिशात ठेवला होता. ब्राह्मीनं तो परत त्यांच्या नाकावर चढवला आणि कानात म्हणाली, "माझ्यासाठी."

अक्काताई काठी टेकत उतरल्या. अंगानं मूठभर, पण आवाज असा की गोठ्यातल्या म्हशीनं रवंथ थांबवला. सगळ्यांचा "जय जिनेंद्र" घेऊन त्या सरळ ब्राह्मीपुढं गेल्या आणि तिची हनुवटी वर केली.

"घारंच हायत."

"व्हय आज्जी. आज्जाकडनं आलेत."

"दिसतंय न्हवं नीट?"

"तुमच्या लुगड्यावर हळदीचा डाग पडलाय, तेवढं दिसतंय."

अक्काताईंनी खाली बघितलं, डाग शोधला, तो सापडला. डागावर पदर ओढून त्या रायगोंडांकडं वळल्या. गळणारे डोळे बघायला आल्या होत्या, तर पुढं नुसत्या तपकिरी काचा. मान काही हलली नाही. घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागला.

"आधी पंगत उरकू," भूपाल म्हणाले. "आईचं एकाशन हाय. सकाळपासनं पाण्याचा थेंब न्हाई. दिवसातनं एकदाच बसती. एकदा ताटावरनं उठली की उद्या सकाळपतुर पाणीबी न्हाई. तवा नीट पोटभर वाढा."

राजमतींना असं सांगणं म्हणजे कालव्याचं दार उघडून ठेवण्यासारखं होतं. पंगत बसली. पुरणपोळ्या आल्या, कटाची आमटी आली, केळ्याची भजी आली, आणि मग पितळी पातेलं घेऊन राजमती स्वतः आल्या. ब्राह्मीचे आईवडील बाकीच्यांना वाढत होते, पण अक्काताईंचं ताट राजमतींनी कुणाच्या हाती दिलं नाही. हुग्गीचा एक डाव, त्यावर तूप. दुसरा डाव, त्यावर तूप. अक्काताईंनी ताटावर आडवा हात धरला तर राजमतींनी हाताच्या कडेनं वाढलं.

रायगोंडा यजमान म्हणून पंगतीसमोर खुर्ची टाकून बसले होते. ब्राह्मी श्रेयसला वाढत होती आणि श्रेयस गणिताचा मास्तर असूनही आपण किती पोळ्या खाल्ल्या ते विसरला होता. सगळं जागच्या जागी होतं. पश्चिमेचा ढग सरकत सरकत सूर्यावर आला. मांडवाखालचा हिरवा उजेड गडद झाला. वारा सुटला. आणि रायगोंडांच्या ध्यानात आलं की आपल्या डोळ्यांत आग नाही. जराशीसुद्धा नाही. देवळातल्या गाभाऱ्यासारखे दोन्ही डोळे थंड.

आता हा माणूस आयुष्यभर एकाच खुणेवर चालत आला होता. नाकावर काय बसलंय ते त्याच्या मनातही आलं नाही, कारण जो चष्मा चांगला असतो तो असल्याचं कळत नाही. रायगोंडा उठले, टोपी नीट केली आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"मावळला."

मळ्यातली माणसं जागच्या जागी थांबली. कुणाचा घास वाटेत होता तो ताटात परत गेला. एवढी माणसं मांडवात होती, सगळ्यांना डोळे होते, पण एकानंही मान वर केली नाही. रायगोंडांनी सांगितल्यावर वर बघायचं, ही पद्धतच त्या मळ्यात नव्हती.

फक्त श्रेयसनं डाव्या हातानं फोन काढला. "आजोबा, अजून बराच वेळ आहे. ह्यात दाखवतंय."

"त्यो पाचगणीचा सूर्य आसंल," रायगोंडा म्हणाले. "डोंगरावर उशिरा बुडतोय."

सुपारी फुटायची राहिलेल्या जावयानं आजेसासऱ्याशी वाद घालायचा नसतो, एवढं गणित श्रेयसला येत होतं. त्यानं फोन खिशात घातला आणि हात आखडला. भूपाल चुळबुळले. पण अक्काताईंनी तोवर ताटापुढं हात जोडले होते. त्या उठल्या, बाजूला जाऊन हात धुतला, चूळ भरली. त्यांच्या ताटात हुग्गीचा तिसरा डाव जसाच्या तसा, तुपाचं तळं घेऊन बसला होता.

आणि मग ढग सरकला.

ऊन आलं ते असं आलं की मांडवाच्या जाळीचं प्रत्येक भोक जमिनीवर मोजता यावं. सूर्य उसाच्या शेंड्यांवर चांगला हातभर उभा होता. तांबडासुद्धा झाला नव्हता. घरट्याकडं निघालेले बगळे अर्ध्या वाटेवरून परत फिरले. रायगोंडांना पायापाशी लांब सावली दिसली. त्यांनी नाकाकडं हात नेला, तिथं चष्मा लागला. तो काढला मात्र, सगळं ऊन एकदम डोळ्यांत घुसलं आणि पाण्याच्या धारा लागल्या.

"हे काय झालं?" भूपालांचा आवाज चढला. "माझी आई आता उद्यापतुर पाण्याबिगर. ऐंशी वर्साची बाई. पाव्हणं, तुमाला दिवस का रात्र ते कळंना व्हय? आन् हेच डोळं पोरीला आल्यात म्हणताय."

श्रेयस म्हणाला, "पप्पा." भूपालांनी त्याच्याकडं बघितलं नाही. ब्राह्मी आमटीचं भांडं हातात धरून उभी होती. तिच्या तोंडावरचा रंग गेला होता, आणि मांडवाचा हिरवाही त्याला पुरा पडेना.

रायगोंडांनी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या होत्या. ह्या क्षणाला त्यातली एकही त्यांच्या तोंडी आली नाही. ते डोळे मिटून, चाचपडत, अक्काताईंच्या काठीच्या आवाजाच्या रोखानं गेले आणि हात जोडून उभे राहिले.

"अक्काताई, डोळ्यांचा दोष न्हाई. पोरीचं डोळं चांगलं हायत, आभाळातलं यंत्र चालवत्यात. माझं बी चांगलं हायत, आज सकाळी पोरीनं सांगलीला नेलं तवा डॉक्टरीणबाईनं सांगितलं. चूक माझ्या सवयीची हाय. जन्मभर आग थांबली की मी मावळला म्हणायचो. आज चष्म्यानं दुपारीच आग थांबवली, आन् मला वाटलं दिवस गेला. तुमी उपाशी ऱ्हायलासा. मी बी आता उद्या तुमी पाणी घेतल्याबिगर घेणार न्हाई. पर त्याचा राग पोरीवर काढू नगा."

अक्काताई त्यांच्याकडं वळल्या. त्यांचेही डोळे बारीक झाले होते. एक हात कपाळावर आडवा धरला होता, कारण ऊन समोरून येत होतं.

"आना हिकडं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"त्यो चष्मा."

त्यांनी चष्मा घेतला, दोन्ही हातांनी नाकावर बसवला, पदर सारखा केला आणि पश्चिमेकडं वळल्या. उसावर उतरतं ऊन होतं. अक्काताईंचा कपाळावरचा हात खाली आला. खांदेही खाली आले. माणूस ओझं उतरवतो तेव्हा उतरतात तसे.

"आसं व्हय," त्या हळू म्हणाल्या. मग मोठ्यानं, "भूपाल."

"काय आई?"

"ह्यात तर माझा बी दिवस मावळला आस्ता. ह्यो माणूस खोटं बोलला न्हाई." त्यांनी चष्म्याची काडी कानामागं नीट बसवली. "माझं मोतीबिंदूचं आपरेशन झाल्यापासनं मला ऊन टोचतंय. अंगणात तुळशीला पाणी घालायला मी दिवस वर यायच्या आत जाते, नातवंडं म्हणत्यात आज्जी लय लवकर उठती. तुला कवा कळलं?"

"तू बोलली न्हाईस."

"ह्यांनी तरी कुठं बोलून दाखवलं? पर हितली पोरगी आज सुपारीच्या दिवशी आज्जाला उचलून दवाखान्यात घिऊन गेली. सवताचं लगीन ठरायच्या दिवशी दुसऱ्याचं डोळं बघणारी पोरगी तू कुठं हुडकणार हाईस?"

भूपाल खाली बघायला लागले. पण आईचा उपास त्यांच्या मनातून जाईना. "ते खरं गं. पर तुझं जेवान मोडलं की अर्ध्यात."

आता अक्काताईंनी राजमतींकडं तोंड वळवलं. चष्म्यामुळं डोळे दिसत नव्हते, तरी बोलण्याचा रोख कुणाकडं आहे ते सगळ्यांना कळलं.

"अर्ध्यात? मी दुसऱ्या डावालाच भरले होते. नको म्हणलं तर ह्या बाई हाताच्या कडंनं वाढत्यात. ताटात टाकायचं न्हाई, ही आपली रीत. उठलं तर रीत मोडती, बसलं तर पोट फुटतंय. तिसरा डाव पडला तवा मी मनात म्हटलं, देवा, आता तूच कसं बी सोडव. तेवढ्यात ह्यो माणूस उठून म्हणला, मावळला." त्यांनी रायगोंडांपुढं हात जोडले. "पाव्हणं, लय उपकार झालं."

मांडवात आधी कुणीतरी एकानं नाकातून आवाज काढला. मग भूपालच हसले, आणि मग सगळा मळा हसला. एकट्या राजमती हसल्या नाहीत. "मी कुठं आग्रह केला?" त्या म्हणाल्या. "दोन डाव म्हंजी काय वाढणं झालं?" त्यांनी ते ताट उचललं आणि कालवडीपुढं नेऊन ठेवलं. कालवडीनं तरी नीट खाल्लं, असं त्या अजून सांगतात.

अक्काताईंचं खरोखर पोट भरलं होतं, का एका म्हाताऱ्या माणसाची लाज राखायला त्यांनी ते पोट भरवलं, हे रायगोंडांना कधीच कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. काही उपकारांचा तळ बघायचा नसतो, एवढी समज त्यांना त्या संध्याकाळी आली. ते नुसते डोळे मिटून उभे होते आणि ओठ हलत होते. जवळच्यांना वाटलं मंत्र म्हणताहेत. ते अक्काताईंना आशीर्वाद देत होते, वयानं त्या मोठ्या असूनही.

"उजेड हाय तवर सुपारी फोडा," अक्काताई म्हणाल्या. "न्हाईतर हे पाव्हणं परत मावळवतील."

सुपारी फुटली. रायगोंडांना ती दिसली नाही, कारण खरा सूर्य समोरून येत होता आणि चष्मा अक्काताईंच्या नाकावर होता. त्यांनी आवाज ऐकला. मग ब्राह्मीचा हात त्यांच्या हातात आला, आमटीचा वास असलेला, आणि तो बराच वेळ तिथं राहिला. गालांवर पाणी चाललं होतं ते त्यांनी उन्हाच्या नावावर टाकलं, आणि पहिल्यांदाच कुणी शंका घेतली नाही.

कडेगावची गाडी निघाली तेव्हा दिवस पुरता बुडाला होता. ह्या वेळी मळ्यातल्या प्रत्येकानं मान वर करून स्वतः खात्री केली. अंधार पडला तरी अक्काताईंनी चष्मा काढला नव्हता. ब्राह्मीनं त्यांना हाताला धरून गाडीपर्यंत नेलं.

"आज्जी, काढा आता. काही दिसत नसेल."

"काय बी दिसंना," अक्काताई गाडीत बसत म्हणाल्या, "पर लय गार वाटतंय." आणि काच वर केली.

तो चष्मा परत मागायची कुणाची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी कडेगावहून अक्काताईंनी पाणी घेतल्याचा फोन आला, तसं रायगोंडांनी तांब्या तोंडाला लावला, वहाणा घातल्या आणि राजमतींना म्हणाले, "चल सांगलीला." दुकानदारानं त्यांना ओळखलं.

"आज्जा, कालच तर नेलात. मोडला काय?"

"न्हाई," रायगोंडा म्हणाले. "आहेरात गेला. तसलाच दे. दोन दे."

"दुसरा कुणाला?"

रायगोंडांनी राजमतींकडं बोट केलं. दुकानदारानं राजमतींच्या डोळ्यांकडं बघितलं. ते काळेभोर होते.

"आज्जीचे डोळे घारे नाहीत की."

"म्हणून काय झालं? उन्हाच्या अंगाला तीच चालत आलीया," रायगोंडा म्हणाले, "मी नुसता तिच्या पदराआड."

राजमतींनी आढेवेढे घेतले, आरशात बघून तोंड वाकडं केलं, आणि चष्मा चढवून बाहेर पडल्या. भर दुपारी दोघं शेजारी शेजारी चालायला लागली. रिक्षा थांब्यावर कालचाच रिक्षावाला उभा होता. त्यानं तोंड उघडायच्या आत राजमती त्याला म्हणाल्या, "लावा फलक. दोघांचा लावा."